मायलेज गाडीचं नको, माणशी काढा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पेट्रोल वाचवण्यावर पेपरात लेख आला की त्यात ठरलेल्या टिप्स असतात, टायरमध्ये हवा नीट ठेवा, एअर फिल्टर साफ करा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका, डिकीतलं जादा सामान काढा. यात चुकीचं काहीच नाही, मी स्वतः हे सगळं करते. पण सकाळी ऑफिसच्या वेळेला कुठल्याही सिग्नलला शेजारच्या गाड्यांमध्ये नजर टाका, पाच सीटची गाडी आणि आत एक माणूस, सात सीटची गाडी आणि आत तोच एक माणूस. चार-सहा सीट रिकाम्या फिरवायच्या आणि टायरच्या हवेतून दोन-तीन टक्के वाचवायचे, हा हिशोब मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एवढंच आहे की मायलेज माणशी काढा. शहरात १० चं मायलेज देणाऱ्या चार मोठ्या गाड्या एकेका माणसाला घेऊन २० किलोमीटर गेल्या तर ८ लिटर पेट्रोल जातं. तीच चार माणसं २० च्या मायलेजच्या एका छोट्या गाडीतून गेली तर १ लिटर, चला भरलेली गाडी आहे म्हणून थोडं जास्त धरू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एका बाजूला १८ किलोच्या वर आणि दुसऱ्या बाजूला अडीच किलोच्या आसपास, आणि हे फक्त एका वेळचं जाणं झालं, येणं वेगळं. रस्त्यावर तीन गाड्या कमी झाल्या आणि तीन पार्किंग मोकळे झाले ते तर मी धरलेलंच नाही.

आता कोणी म्हणेल चार माणसं बसली की गाडी ओढत नाही, मायलेज पडतं. पडतं ना, पण किती? शहरात पेट्रोल मुख्यतः कशात जातं ते बघा. हायवेला हवेचा विरोध मोठा असतो, वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. शहरात तेवढा वेगच मिळत नाही, तिथे सगळा खेळ वजनाचा. थांबलेली गाडी पुन्हा हलवायची, वेग घ्यायचा आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक मारून ती सगळी ताकद ब्रेकच्या गरमीत घालवायची, दिवसभर हेच चालतं. दोन टनाची गाडी असेल तर ९०० किलोच्या गाडीपेक्षा प्रत्येक वेळी दुपटीच्या वर ताकद वाया जाते. तीन माणसं जास्त बसली की दोनशे किलो वाढले, म्हणजे भरलेली छोटी गाडी रिकाम्या मोठ्या गाडीपेक्षा तरी हलकीच राहते. शिवाय मोठं इंजिन ट्रॅफिकमध्ये रांगताना त्याच्या ताकदीच्या अगदी थोड्या भागावर चालतं आणि पेट्रोल इंजिन अशा वेळी सगळ्यात उधळं असतं, छोट्या इंजिनाला तेच काम त्याच्या ताकदीला साजेसं पडतं.

दुसरा गैरसमज म्हणजे छोटी गाडी एकट्यादुकट्याची, चौघांना मोठीच पाहिजे. इतिहास तर उलटं सांगतो. १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच झाला, तेलाची वाट अडली, ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर आलं, आणि त्यातून इंजिनियर ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी नावाची छोटी गाडी बनवली, १९५९ मध्ये ती बाजारात आली. लांबी जेमतेम १० फूट, पण बसणार चार मोठी माणसं! इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या खालीच घेतला, चाकं १० इंची ठेवली, असं करत करत गाडीच्या तळाची ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला दिली. इंजिन आडवं बसवायची पद्धत आज बहुतेक छोट्या गाड्यांत आहे. जपानमध्ये केई नावाचा छोट्या गाड्यांचा वेगळा वर्गच आहे, ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद, इंजिन ६६० सीसीच्या आत, आणि तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत साधारण तीनातली एक या वर्गातली असते. लांबी वाढवता येत नाही म्हणून त्यांनी छत उंच केलं, माणूस सरळ बसला की गुडघ्यांना जागा मिळते. चौघांना रोज अर्धा-पाऊण तास जायला यापेक्षा जास्त काय लागतं?

बरं, गाडीचं झालं, पण खरी अडचण माणसांची आहे आणि कारपूलिंगवर बोलताना तिच्यावर कोणी नीट बोलत नाही. आम्ही काहीजण एकाच गाडीतून ऑफिसला जातो, तो आमचा ग्रुप व्यवस्थित चालतो त्याचं कारण दोस्ती नाही, नियम आहेत. ठरलेल्या जागी गाडी पाच मिनिटं थांबते, सहाव्या मिनिटाला निघते, फोन करत बसायचं नाही आणि राग पण धरायचा नाही. उशीर होणार असेल तर आदल्या रात्री ग्रुपवर टाकायचं. प्रत्येकाच्या दारात गाडी न्यायची नाही, सगळ्यांनी मेन रोडला यायचं, कारण गल्लीबोळात वळसे घालण्यात जे पेट्रोल आणि वेळ जातो त्यात वाचवलेलं निम्मं परत जातं. पैशांचा हिशोब महिन्याला एकदा, तोंडी नाही, लिहून. मागे मध्ये बसायची पाळी रोज बदलते आणि बॅग डिकीत, मांडीवर नाही (हा नियम क्षुल्लक वाटतो पण सगळ्यात जास्त कुरबुर यावरूनच होते). परतीच्या वेळा जुळत नाहीत ही तक्रार खरी आहे, म्हणून सकाळी एकत्र आणि संध्याकाळी ज्याला जमेल तो बसने, असंही चालतं, निम्मी बचत काय कमी आहे का.

बायकांना अनोळखी माणसाच्या गाडीत बसायची धास्ती वाटते ती मला पूर्ण मान्य आहे, तिथे ॲपपेक्षा एकाच ऑफिसातली किंवा सोसायटीतली ओळखीची माणसं बरी. कंपन्यांनी यात उतरायला हवं. अमेरिकेत ३एम कंपनीने १९७३ मध्येच कर्मचाऱ्यांसाठी व्हॅनपूल सुरू केला होता, गाडी कंपनीची आणि चालवणारा कर्मचाऱ्यांपैकीच एक. तिकडे बऱ्याच ठिकाणी अशी सोय असते की मूल आजारी पडलं किंवा अचानक जास्त वेळ थांबावं लागलं तर त्या दिवशी घरी जायचा टॅक्सीचा खर्च मिळतो. अडकून पडायची भीती हीच तर लोकांना स्वतःच्या गाडीला बांधून ठेवते, ती घालवली की अर्धं काम झालं.

सरकारने काय करावं यावर वाद होतील, पण दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत. वॉशिंग्टनजवळच्या व्हर्जिनियात जास्त माणसं असलेल्या गाड्यांना वेगळी लेन दिली, तर १९७० च्या दशकापासून लोक स्वतःहून ठरलेल्या ठिकाणी रांगेत उभे राहायला लागले आणि अनोळखी ड्रायव्हर त्यांना फुकट बसवून नेतात, कारण माणसं भरली की त्यालाही ती मोकळी लेन मिळते. जकार्तात गर्दीच्या वेळी काही रस्त्यांवर गाडीत तीन माणसं लागायची, लोकांनी पैसे देऊन भाड्याची माणसं बसवली, तरीसुद्धा २०१६ मध्ये नियम काढल्यावर ट्रॅफिक वाढलं, आणि नियम नसलेल्या रस्त्यांवरही वाढलं असं अभ्यासात दिसलं.

चालवण्याबद्दल एकच सांगते कारण भरलेल्या गाडीत ते जास्त महत्त्वाचं ठरतं. पुढे लाल सिग्नल दिसला की लांबूनच ॲक्सिलरेटर सोडा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. आताच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात अशा वेळी पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो, न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला उलट थोडं पेट्रोल लागतंच, आणि उतारावर न्यूट्रल तर धोक्याचंच. मागच्या सीटवरच्यांची मान पण हिसकत नाही.

तर संपादक साहेब, एक विनंती आहे. तुमच्या गाड्यांच्या पानावर नवीन गाडीची माहिती देताना पॉवर, टचस्क्रीन, सनरूफ यांना जी जागा देता त्यातली थोडी गाडीचं वजन किती, मागे तीन मोठी माणसं खरोखर बसतात का, दार किती उघडतं आणि चौघं बसवून शहरात मायलेज किती मिळालं याला द्या. टेस्ट ड्राइव्हला एक माणूस पाठवता तिथे चार पाठवा आणि तो आकडा छापा.

आपली,
एक वाचक