सूचना : दाद्याच्या आठवणीसाठी रविवारी जमायचंय

सर्व सभासदांना नमस्कार,

आपला दाद्या जाऊन येत्या रविवारी वर्ष होतंय. सायंकाळी ५ वाजता रत्नागिरीत, आपल्या स्नूकर क्लबच्या हॉलमध्ये सगळ्यांनी यावं.

• हारतुरे आणू नयेत, त्याच्या आईंनी तसं सांगितलंय.
• स्पर्धा नाही. एकच फ्रेम, म्हणजे एकच डाव, प्रत्येकाचा एक शॉट. शेवटचा काळा चेंडू, सात गुणांचा, त्याची धाकटी बहीण मारेल.
• चेंडूला बाही नुसती घासली तरी दाद्या पंचांच्या आधी स्वतःच 'फाऊल' म्हणायचा आणि टेबल सोडायचा. असा खेळाडू पुन्हा मिळणं कठीण. रविवारी पंच नाहीत, त्याच्यासारखंच खेळायचं.
• त्याचा क्यू (खेळायची काठी) भिंतीवरच राहील, कृपया कोणी काढू नये.

चिपळूण, लांज्याच्या मंडळींनी शुक्रवारपर्यंत मला कळवा, परतीच्या गाडीची सोय करतो.

– सचिव