आईचे पाय हातात घेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण हे चारचौघांत सांगायचंच होतं.

आईला मधुमेह आहे. तिची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.९ वरून ७.२ वर आली. रिपोर्ट हातात पडला आणि पहिली आठवण तुमची झाली.

'चालायला लागा' हे आईने तुमच्याआधी कितीतरी वेळा ऐकलं होतं. चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता सांगितलेलं. ती चाललीही. सकाळी मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी घ्यायची आणि उपाशीपोटी बाहेर पडायची. मग दरदरून घाम, हातपाय लटलटायचे. एकदा शेजारच्यांनी धरून घरी आणलं. दवाखान्यात सांगितलं तर उत्तर मिळालं, 'वय झालं, होतं असं.' गोळीने इन्सुलिन वाढतं, चालताना स्नायू साखर ओढून घेतात, पोटात काही नसलं तर साखर एकदम उतरते, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? चालणं आपल्याला मानवत नाही, हे आईने मनाशी पक्कं केलं.

तुम्ही व्यायामाचं नावही काढलं नाहीत. 'मावशी, चप्पल काढा' म्हणालात आणि सरळ फरशीवर बसलात. आई पाय साडीत ओढून घेत होती. भेगाळलेल्या टाचांची तिला फार लाज. 'अगं पोरी, पायाला हात नको लावूस,' म्हणत राहिली. तुम्ही तिचं पाऊल मांडीवर घेतलंत, बोटांच्या बेचक्या बघितल्यात आणि करंगळीखालचा फोड दाखवलात. तो तिला दुखतच नव्हता. घरात कुणालाच माहीत नव्हता. मग चप्पल उलटी करून एका बाजूने झिजलेला तळ दाखवलात. 'आधी हे बरं होऊ दे. तोवर बसल्या बसल्या करू.'

परतताना एसटीत आई एवढंच म्हणत होती, 'माझे पाय हातात घेतले गं तिने.'

त्यानंतर तुम्ही सांगाल ते तिने केलं. खुर्चीवरून उठबस, फोड भरल्यावर जेवणानंतरची शतपावली, बटव्यात साखरेची पुडी. गोळीचं तर तुम्ही स्वतः डॉक्टरांशी बोललात. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत घेतो, नंतरही इन्सुलिनला चांगली दाद देतो, पण हा फायदा एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको, हे आई आता भिशीतल्या बायकांना समजावते.

जाता जाता 'तुमचीही तपासा' म्हणालात. माझी ६.१ निघाली, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. तुम्ही भीती घातली नाहीत, चेन्नईचा २००६ मधला अभ्यास सांगितलात: उंबरठ्यावरच्या ज्या लोकांनी काहीच बदललं नाही, त्यांतल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला, ज्यांनी खाणं आणि चालणं सुधारलं, त्यांच्यात ३९ जणांना. तेव्हापासून संध्याकाळी मीही आईबरोबर निघते.

समोरच्या म्हाताऱ्या बाईला आपली आई समजून वागणारी माणसं अजून आहेत, यावरचा माझा विश्वास उडत चालला होता. तो तुम्ही परत दिलात.

आईने तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे. पुढच्या खेपेला आणते. नाही म्हणू नका, तिला वाईट वाटेल.

तुमची,
मावशींची मुलगी