चेंडू गोल करायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

शोधनिबंधांत हे काम एका ओळीत उरकतात: हवेवर तरंगणाऱ्या फोमच्या चेंडूवर माशी चालवली. चेंडू कसा केला, ते बहुधा गुलदस्त्यातच. तुम्ही मात्र सगळ्यात आधी विचारलंत, 'माशीचं वजन किती?'

फळमाशी भरते जेमतेम 1 मिलिग्रॅम. तिची पाठ बारीक तारेला चिकटवलेली, त्यामुळे ती जागीच राहते आणि पायांखाली चेंडू फिरतो; त्याच्या फिरण्यावरून तिची चाल कळते. तो जड असला तर ती चालत नाही, नुसती झगडते. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडलात: फोम तोच ठेवून व्यास 9 मिलिमीटरवरून 6 वर आणला, तर वजन तिसऱ्या हिश्शाहून कमी होतं आणि फिरण्याचं जडत्व, म्हणजे फिरवताना होणारा विरोध, साडेसात पटींनी घटतं. त्याहून लहान केला असता तर बिचारीला सतत उतारावर चालावं लागलं असतं.

पण खरे आभार नळीच्या युक्तीचे. थर्मोकोल घासला की त्याचे दाणेच निखळतात, म्हणून तुम्ही बारीक छिद्रांचा कडक पॉलियुरेथेन फोम निवडलात. चौकोनी तुकड्याचे कोपरे कानशीने मोडले आणि चेंडूहून कमी व्यासाच्या नळीच्या तोंडावर तो दिशा बदलत घासत राहिलात. गोलाला कुठेही छेद द्या, वर्तुळच मिळतं. त्यामुळे जिथे उंचवटा असेल तिथेच नळीची कड खाते. माप घ्यायची गरजच नाही! शेवटचा हात बारीक पॉलिश पेपरचा. (मास्क लावायला लावलात, त्याबद्दलही आभार. ती धूळ फार बारीक असते.)

चेंडूवरच्या ठिपक्यांचंही तसंच. चेंडूवर रोखलेला कॅमेरा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात बघतो आणि त्या प्रकाशात कित्येक मार्करची काळी शाई दिसतच नाही. काजळीचा काळा रंग वापरा, ठिपके वेडेवाकडे काढा, थर पातळ ठेवा, हे तुमचंच सांगणं. फिक्ट्रॅक सॉफ्टवेअर त्या ठिपक्यांवरूनच चेंडू किती आणि कुठे वळला ते ओळखतं. ठिपके एकसारखे असते तर ते गोंधळलं असतं.

हवेवर सोडल्यावर चेंडूची एकच बाजू पुन्हा पुन्हा खाली येत नाही ना, ही तपासणी आता प्रत्येक चेंडूची होते. जो नापास होतो, तो पुन्हा नळीवर जातो.

आता रातकिड्यांची पाळी आहे. त्यांना बराच मोठा चेंडू लागेल आणि तो आतून पोकळ केल्याशिवाय हलका व्हायचा नाही. दोन अर्धगोल कोरून जोडावेत, असं मनात आहे. सांधा कसा बुजवायचा ते विचारायला कधी येऊ?

तुमची,
माशा चालवणारी विद्यार्थिनी