लाल-हिरवं सांगायला दोन वर्षं मी नसेन

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा तोंडाशी आलं आणि तीनदा मी विषय बदलला. म्हणून लिहून कळवते. मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. ऑक्टोबरपासून दोन वर्षं मी नकाशाशास्त्रात एम.एस्सी. करायला युरोपला जाते आहे. प्रवेश झाला, शिष्यवृत्ती मिळाली, माझा होकारही कळवून झाला.

तुम्हाला विचारलं नाही. आई, हे वाक्य मी चार वेळा खोडून पुन्हा लिहिलं, कारण कसंही लिहिलं तरी ते तुला टोचणारच. विचारलं असतं तर बाबा "जा" म्हणाले असते आणि तू काहीच म्हणाली नसतीस. तुझं ते काहीच न म्हणणं ऐकून मी थांबले असते, काकांच्या वेळी थांबले तशी. तेव्हा थांबले त्याची मला जराही खंत नाही, हे आधी सांगते. या वेळी मात्र थांबवत नव्हतं. दादाला तुमच्याआधी सांगितलं, त्यावरून त्याला बोलू नका. मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत, "नकाशा तर फोनमध्येच असतो, मग त्यात अजून शिकायचं काय राहिलं?" तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. माझ्याकडे खरं उत्तरच नव्हतं. आता आहे, आणि ते तुमच्या डोळ्यांपासून सुरू होतं.

पुराचा तो नकाशा आठवतो? किती हौसेनं मी छापील प्रत घरी आणली होती. पाणी चढणारा भाग लाल, सुरक्षित भाग हिरवा. तुम्ही चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघितलंत, "छान झालाय" म्हणालात, आणि आई आत गेल्यावर हळूच विचारलंत, "यातलं पाण्याखाली नेमकं कुठलं जाणार?"

मी रात्रभर झोपले नाही. तुमच्या मोज्यांच्या जोड्या मी लावायची. माझ्या खडूंवर तुम्ही पेन्सिलीनं रंगांची नावं लिहून ठेवायचात, मला शिकवताना चूक होऊ नये म्हणून. तुमच्या मांडीवर बसून "हा लाल, हा हिरवा" सांगत मी मोठी झाले, आणि लोकांचा जीव वाचावा म्हणून काढलेल्या नकाशात मीच तेच दोन रंग शेजारी-शेजारी भरले. लाल आणि हिरवा वेगळे न ओळखता येण्याचा हा दोष पुरुषांमध्ये बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. तो नकाशा बघणाऱ्यांत तुमच्यासारखे किती असतील? मी कामाच्या ठिकाणी बोलले. उत्तर आलं की छपाई झाली आहे आणि रंग नेहमीचेच आहेत. त्यांना तरी कसा दोष देऊ? सहा वर्षं मीही तेच रंग भरत होते. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

हे शिकवतात, हे मला नंतर कळलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या सिंथिया ब्रूअर या प्राध्यापक बाईंनी नकाशाचे रंग निवडण्यासाठी कलरब्रूअर नावाचं एक साधन तयार केलं आहे. माहिती कमी-जास्त प्रमाण सांगणारी असेल तर फिक्यापासून गडदपर्यंत चढत जाणाऱ्या छटा, नुसते वेगवेगळे प्रकार दाखवायचे असतील तर एकमेकांपासून वेगळे उठून दिसणारे रंग. आणि तिथं एक खूण करता येते: लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्यांना चालतील तेवढेच रंग दाखवा. मी तुम्हाला जांभळ्या-नारिंगी रंगातला तोच नकाशा पाठवला होता ना, काही न सांगता? तुम्ही दोन मिनिटांत सगळं बरोबर ओळखून कळवलंत. त्याच रात्री मी अर्ज भरायला घेतला.

आधीचं शिक्षण वाया गेलं असं मुळीच समजू नका. सर्वेक्षकाच्या त्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तुम्ही मला जाऊ दिलंत, तेव्हा नात्यातले काय काय बोलले ते मला माहीत आहे. ३० मीटरच्या साखळीला १५० कड्या असतात आणि ती ओढताना ताण कमी पडला तर मधे झोळ पडतो, उन्हात तापली तर लांबी वाढते. ही दुरुस्ती करायला मी तिथं शिकले, टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, हाती यायच्या आधी. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा, म्हणजे पुढची अंतरं जिच्यावरून काढायची ती पहिली रेषा, अशीच पोलादी साखळीनं मोजली आणि भारताचं महात्रिकोणमितीय सर्वेक्षण तिथून पुढं वाढत गेलं. उन्हातान्हात हातानं मोजलेलं असलं की पडद्यावरच्या रेषेवर डोळे झाकून विश्वास ठेवायची सवय लागत नाही. थेट पदवी घेऊन आलेल्या सहकाऱ्यांपेक्षा मला हे जास्त कळायचं, हे मी अभिमानानं सांगते. ते शिक्षण कमी दर्जाचं होतं असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

पण तिथं मोजायला आणि काढायला शिकवलं. काय गाळायचं, ते शिकवलं नाही. बाबा, तुम्ही हिशेबाचे पक्के, म्हणून आकड्यांतच सांगते. एक रस्ता ६ मीटर रुंद आहे. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर तो अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेनं दाखवला तर ती रेघ जमिनीवरची १२५ मीटर जागा व्यापते. मग कडेची घरं कुठं जाणार? शेजारून वाहणारी नदी? काही घरं गाळावी लागतात, काहींचा मिळून एक ठिपका करावा लागतो, नदी जराशी बाजूला सरकवावी लागते, पण रस्त्याच्या ज्या बाजूला आहे त्याच बाजूला ठेवून. याला सामान्यीकरण म्हणतात. प्रत्येक नकाशात कुणीतरी हे ठरवलेलं असतं, तुमच्या फोनमधल्यासुद्धा. बोटांनी मोठा-लहान करताना नावं येतात-जातात ती आपोआप येत नाहीत, कुठलं नाव कधी दिसावं याचे नियम कुणीतरी लिहिलेले असतात. मी सहा वर्षं ते अंदाजानं करत होते. एखादी वस्ती गाळली की घरी येऊन वाटायचं, तिथं राहणाऱ्यानं हा नकाशा उघडला तर?

यंत्रं हे सगळं करतील आणि पुन्हा नोकरी मिळणार नाही, ही दादाची भीती. उपग्रहाच्या चित्रातून छपरांच्या कडा यंत्र आता झटपट शोधतं, ते खरं आहे. माझं दिवसभराचं काम तेच होतं, म्हणून मलाही ती भीती होती. पण त्या छपराखाली शाळा आहे की गोदाम, आणि पुराच्या नकाशात त्यातलं कुठलं दिसलंच पाहिजे, हे ठरवणारं माणूस लागतंच. मला त्या जागी जायचं आहे.

आई, तुझ्यासाठी एक वेगळी गोष्ट. पृथ्वीसारखा गोल काहीही न ताणता, न दाबता सपाट करता येत नाही, हे गाऊस या गणितज्ञानं १८२७ मध्ये सिद्ध केलं. मी ते वाचलं आणि मला तू दिसलीस, शिवणयंत्रापाशी, तोंडात टाचण्या धरून. सपाट कापड खांद्यावर नीट बसवायचं तर टक्स घालावेच लागतात, नाहीतर कुठंतरी चुणी येते किंवा कुठंतरी ओढलं जातं, हे तू मला आठ वर्षांची असताना दाखवलं होतंस. नकाशाचं प्रक्षेपण म्हणजे तेच, चुणी कुठं येऊ द्यायची ते ठरवणं. मर्केटर या नकाशाकारानं १५६९ मध्ये खलाशांसाठी दिशा सांभाळल्या, तर क्षेत्रफळं बिघडली. त्याच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. मुलाखतीत मला प्रक्षेपणावर प्रश्न आला आणि मी तुझे टक्स सांगितले. समोरच्या बाईंनी ते लिहून घेतलं. तू हे वाचून लाजशील, पण खरंच घेतलं.

आता मी कुठं आणि कशी राहणार ते सांगते, म्हणजे तुला रात्री झोप लागेल. हा अभ्यासक्रम चार विद्यापीठं मिळून चालवतात. पहिलं सत्र म्युनिकला, दुसरं व्हिएन्नाला, तिसरं ड्रेस्डेनला, आणि शेवटच्या सत्रात यांपैकी एका ठिकाणी किंवा नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात प्रबंध. दर सहा महिन्यांनी गाव बदलायचं म्हणून घाबरू नकोस, अख्खा वर्ग एकत्र हलतो, मी एकटी पडणार नाही. शिकवणं इंग्रजीत आहे. आरोग्य विमा घ्यावाच लागतो, तो मी निघायच्या आधीच घेते आहे. खोली लहान आहे, पण खिडकीशी टेबल आहे आणि खोली उबदार राहते. स्वयंपाकघर चौघींत मिळून आहे, तेव्हा दोन वेळा ताजं जेवेन. रात्री उशीर झाला तरी उपाशी झोपणार नाही, तुझ्या गळ्याची शपथ. ती निळी शाल मी नेते आहे, शोधू नकोस. ताप आला की कपाळावर तुझा हात हवासा वाटेल, त्याला मात्र तिथं काही उपाय नाही.

माझं वय झालं शिकायचं, असं मावशी म्हणेल. तिला शेर्मरहॉर्नची गोष्ट सांग. हा सर्वेक्षणाचा प्राध्यापक दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्सचा पंतप्रधान झाला, आणि ते पद सोडल्यावर १९५० मध्ये त्यानं हवाई छायाचित्रांवरून नकाशे करायला शिकवणारी एक संस्था उभी केली. देशोदेशीचे, आधीच नोकरीत असलेले लोक तिथं शिकायला यायचे. ट्वेंटे विद्यापीठात आज जी आयटीसी नावाची संस्था आहे, ती हीच. माझ्यासारख्यांसाठीच ती निघाली, असं मला वाटतं. मला प्रबंध तिथंच करायचा आहे, आणि विषयही मनात पक्का आहे: पुराचे नकाशे रंग न ओळखणाऱ्यालाही एका नजरेत कसे कळतील. तो पुरा झाला की पहिली प्रत बाबांना. खोटं "छान झालाय" म्हणायचं नाही, एवढी एकच अट.

आता ऐका, आणि यात वाद नको.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन मी निघायच्या आधी. "थंडी सरू दे" हे मी दोन वर्षं ऐकते आहे. तारीख दादानं घेतली आहे, ती पुढं ढकलायची नाही. मोतीबिंदूनं भिंग पिवळट होतं, त्यामुळे ते काढल्यावर बहुतेकांना निळा रंग जास्त उजळ दिसतो. लाल-हिरव्याचं तसंच राहील, त्याला इलाज नाही, पण निळं आकाश तुम्हाला स्वच्छ दिसावं आणि ते मला फोनवर तुमच्या तोंडून ऐकायला मिळावं, एवढं माझ्यासाठी करा. रागानं सांगत नाही. काळजी वाटते म्हणून सांगते.

आई, चक्कर आल्याचं तू माझ्यापासून लपवलंस, ते मला दादाकडून कळलं. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. बाथरूमकडे जायच्या वाटेवर दिवा लावून ठेवायचा, वीज वाचवायची नाही. रक्तदाब दर रविवारी मोजून वहीत लिहायचा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवायचा. फोटो आला नाही तर मी दिवसभर कामाला लागणार नाही, हे लक्षात ठेव.

आणि गोळ्या. बाबांच्या डब्यांवर दादानं सकाळसाठी हिरवी आणि रात्रीसाठी लाल चिठ्ठी लावली आहे. तो प्रेमानं करतो, त्याला काही बोलू नका, पण त्या आजच काढा. मी परवा घरी येते आहे, तेव्हा जाड काळ्या पेनानं नवीन चिठ्ठ्या लिहीन. सकाळच्या डब्यावर मोठं वर्तुळ, रात्रीच्या डब्यावर चौकोन, आणि ऑपरेशननंतरच्या थेंबांच्या बाटलीवर त्रिकोण. तोपर्यंत आई, तू स्वतः हातात दे. येताना आणखी काही हवं असेल तर आज रात्रीच सांग.

तुमची,
धाकटी