‘यात नवीन काय?’ या प्रश्नाबद्दल एका शिल्प निदेशकाचे खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये हाताचे काम शिकवणारा शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. आपल्या खात्याच्या नावात ‘नाविन्यता’ हा शब्द आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्याच शब्दापायी आज लिहितो आहे.

आमच्या तीन प्रशिक्षणार्थ्यांनी एका वर्षी सायकल कोळप्याचे पेरणी यंत्र केले. तण काढायचे सायकल कोळपे शेतकऱ्याच्या ओळखीचे असते: जुन्या सायकलचे चाक, हँडल आणि मागे पास, म्हणजे तण कापणारे आडवे पाते. पोरांनी पास काढून फण बसवला. वर बियांची पेटी, पेटीखाली खाचांचा रोलर आणि चाकापासून रोलरपर्यंत सायकलचीच चेन. चाक फिरले की रोलर फिरतो, बी नळीतून तासात, म्हणजे फणाने पाडलेल्या चरात पडते. अडचण एकच होती. तासाच्या टोकाला यंत्र मागे ओढून वळवावे लागे, तेव्हा रोलर उलटा फिरून बी सांडत होते. त्यातला एक जण दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “सर, तिफणीवर आई टोकाला मूठ आवळते ना, तसं करायचंय.” (तिफणीने पेरताना बाई तिच्यावरच्या चाड्यात, म्हणजे वाटीत, मुठीने बी सोडते; मूठ आवळली की बी थांबते.) आणि त्याने सायकलचे फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने जोर देणारे मागच्या चाकाचे दातेरी चक्र, काढून रोलरच्या शाफ्टवर बसवले. यंत्र मागे ओढले की टकटक आवाज येतो, रोलर जागचा हलत नाही.

हे यंत्र एका स्पर्धेत गेले. अर्जात रकाना होता: ‘कल्पना पूर्णपणे मूळ आहे का?’ पोरांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिले. परीक्षकांनी पाच मिनिटे पाहिले आणि विचारले, “कोळपे आहे, सायकल आहे, पेटी आहे. यात नवीन काय?” पोरांना उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर मलाही त्या क्षणी सुचले नाही, याची रुखरुख अजून आहे.

आज सांगतो. चाड्यावरची मूठ जुनी, फ्रीव्हील जुने. त्या दोन्हींची गाठ त्या पोराने घातली, ती नवीन.

आपल्याकडे मोठी कामे अशीच झाली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडी नांगर परदेशात होतेच. इथल्या शेतकऱ्याला वाटे, लोखंडाने जमीन नासते. त्याच्या गळी तो नांगर उतरवणे आणि इथेच तो ओतून घडवणे, हे काम किर्लोस्करांचे. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, ती याच कामाच्या जोरावर. त्यांनाही कोणी ‘यात नवीन काय’ विचारून परत पाठवले असते तर?

दुसरे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये पटेल-3 या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्षे निवडत नेल्या. त्यातून बारीक तांदळाचे जे वाण झाले, त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी नाव पडले. पटेल-3 नसते तर एचएमटी नसते. आणि दादाजींची नजर नसती तर त्या लोंब्या बाकीच्या धानाबरोबर मळल्या गेल्या असत्या. आपल्या वाणाचे श्रेय मिळावे म्हणून मात्र या माणसाला वर्षानुवर्षे झगडावे लागले. 2018 मध्ये ते गेले. दुसऱ्याच्या कामावर उभे राहायला कोणाची हरकत नसावी, पण ज्याच्या खांद्यावर उभे राहिलो त्याचे नाव कागदावर हवे.

म्हणून पहिली विनंती अशी. खात्याच्या स्पर्धांच्या अर्जात ‘मूळ कल्पना आहे का’ असा रकाना कधीच नसावा. त्याऐवजी विचारावे: हे कोणाच्या कामावर उभे आहे, आणि तुम्ही त्यात काय बदलले? पेटंटच्या अर्जातसुद्धा आधी काय होते आणि आपले वेगळे काय, हे मांडावे लागते. मग अठरा वर्षांच्या पोराला आधीच्या कामाची लाज का वाटावी?

दुसरी विनंती मला अधिक महत्त्वाची वाटते. ते पेरणी यंत्र वर्षभर वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून राहिले. डेड स्टॉकला, म्हणजे कायम वस्तूंच्या नोंदवहीत, त्याची नोंद नव्हती, त्यामुळे निर्लेखनाचा, म्हणजे रीतसर बाद करण्याचाही प्रश्न आला नाही. एके दिवशी कात्रणांबरोबर भंगारात गेले. पुढच्या बॅचने पुन्हा पेरणी यंत्रच निवडले आणि कोऱ्या अँगलपासून सुरुवात केली. सोयाबीनचे बी रोलर आणि पेटीच्या मधे सापडून फुटायला लागले. आधीच्या पोरांचेही असेच फुटत होते. त्यांनी पेटीच्या ओठाला जुन्या ट्यूबची पट्टी लावून ते थांबवले होते. ती पट्टी भंगारात गेली होती आणि मी त्या वेळी दुसऱ्या युनिटवर होतो. नव्या पोरांचे दोन महिने त्यातच गेले.

प्रत्येक आयटीआयला एक कपाट आणि एक वही द्या. कपाटात ड्रॉइंग, चाललेला भाग आणि न चाललेला भागही. वहीत कोणी काय केले, कुठे अडले, नावासकट. पुढच्या बॅचला त्यातले काहीही उचलून पुढे न्यायची मुभा असावी, आणि तसे केल्याबद्दल गुण मिळावेत, कापले जाऊ नयेत. यासाठी मोठी योजना लागत नाही. एक परिपत्रक पुरेल.

फ्रीव्हील लावलेल्या त्या रोलरचे ड्रॉइंग माझ्याकडे घरी आहे, पोरांच्याच हातचे, तिघांच्या सह्यांसकट. कपाट आले की पहिला कागद म्हणून ते द्यायला मी स्वतः येईन.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर)