आधी डोरी कर, मग व्हिक्टरी

ठाणे

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

व्हिक्टरी या लढाऊ जहाजाच्या लाकडी मॉडेलचं किट घ्यायचं म्हणून तू जी माहिती पाठवलीस ती बघितली. जहाज देखणं आहे, वादच नाही. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याच्यावरच होता. पण १०४ तोफा, तीन डोलकाठ्या आणि दोरांचा तो पसारा! आजवर पटाशी हातात न धरलेल्या मुलीने पहिल्या पगारातून हे घ्यायचं म्हणजे खोकं कपाटावर चढणार आणि तिथेच राहणार.

तू डोरी घे. न्यूफाउंडलंडजवळ ग्रँड बँक्सवर कॉड मासे पकडणाऱ्यांची ही सपाट बुडाची होडी. आतल्या बसायच्या फळ्या काढल्या की स्कूनरच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या जहाजाच्या डेकवर या होड्या वाट्यांसारख्या एकात एक रचून ठेवत. मॉडेल शिपवेज या कंपनीचं किट १:२४ मापाचं आहे, म्हणजे खऱ्या दोन फुटांना मॉडेलवर एक इंच. ना तोफा, ना दोर. नुसतं अंग नीट वळवायचं, आणि खरं कसब त्यातच आहे.

पुढचं किट एका डोलकाठीच्या जहाजाचं घे. त्यात मधोमध कणा आणि त्यात अडकवलेले प्लायचे आडवे पाट असतात. लेझरने कापल्यामुळे पाटांच्या कडा काटकोनात येतात. फळी मात्र नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे वळताना त्या कडेवर तिरकी टेकते. कडेला तसा उतार दिला नाहीस तर फळी एका टोकावर तरंगते, आणि वरून कितीही पॉलिश पेपर मारलास तरी तो उंचवटा जात नाही. म्हणून गोंदाची बाटली उघडायच्या आधी एक पट्टी तीन-चार पाटांवर आडवी धर आणि मागे दिवा ठेव. उजेड दिसला तर पट्टी ज्या कडेवर अडून उचलली जाते तिथे पेन्सिलची खूण कर, तेवढंच घास, पुन्हा पट्टी धर. वागळे इस्टेटमध्ये फाउंड्रीसाठी ओतकामाचे लाकडी पॅटर्न करायचो तेव्हा आम्ही असाच उजेड बघायचो. कंटाळवाणं काम आहे, पण घाई करू नकोस.

फळ्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा लाव. एकाच बाजूने लावत सुटलीस तर कणा तिकडे ओढला जातो. मधल्या पाटाचा घेर मोठा, नाळेजवळचा लहान, आणि फळ्या तेवढ्याच, म्हणून प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती करावी लागते. कागदाच्या पट्टीने दोन्ही घेर मोजून फळ्यांच्या संख्येने भाग, की कुठे किती रुंदी हवी ते कळतं. वाकवायच्या आधी फळी पाण्यात भिजव. फेव्हिकॉलच वापर, झटपट चिकटणारा गोंद सरकवायला वेळ देत नाही. मशीन एकही घेऊ नकोस. माझा छोटा रंधा आणि दोन कानशी जयूमामाबरोबर पाठवतोय. जांभळी नाक्यावरून कपड्यांचे लाकडी चिमटेही आणलेत, फळी धरून ठेवायला तेवढे पुरतात.

किट इकडे मागवू नकोस. जुलैत इथे बाल्कनीचं दार फुगून लागत नाही, मग मिलिमीटरभर जाडीच्या पट्ट्यांचं काय होईल! बंगळुरूची हवा त्या मानाने कोरडी.

आणि पुढे मोठ्या जहाजाची हौस टिकलीच तर व्हिक्टरीऐवजी ट्रिंकोमालीचा विचार कर. ब्रिटिश आरमाराचं हे फ्रिगेट, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, १८१७ साली आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलं. युद्धांमुळे इंग्लंडात ओक कमी पडला होता, म्हणून मलबारी सागवान. ते अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. तुझी आई म्हणते, हा माझा सागवानाचा पक्षपात. असेल.

डोरीचं खोकं आलं की आधी नकाशे वाच, मग सुट्या भागांवर नंबर घाल. आणि अंग उभं राहिलं की फोटो वरून काढू नकोस, अगदी समोरून काढून पाठव. पीळ बसलाय की नाही ते समोरूनच दिसतं.

तुझा,
बाबा