कटिंग व्हीलची मुदत कोण पाहणार?

महोदय,

ड्रिल बिट, टॅप (आटे पाडायचे हत्यार), हॅकसॉ ब्लेड हे कार्यशाळेचे साहित्य ऑनलाइन बरेचदा स्वस्त मिळते, हे मान्य; परंतु कटिंग व्हीलच्या (धातू कापायच्या चकतीच्या) मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली, सहसा उत्पादनापासून 3 वर्षांची मुदत माल हाती येईपर्यंत कळत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानात ती पैसे देण्यापूर्वीच वाचता येते. ओल धरलेल्या वेल्डिंग रॉडचेही तसेच. शिवाय ऐन कामात टॅप तुटला, तर जवळचा दुकानदारच उपयोगी पडतो (आणि उधारीही देतो!). मात्र जीएसटीचे पक्के बिल मागताच कपाळाला आठ्या घालणाऱ्या विक्रेत्यांमुळे आमचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) बुडते, ही सवय त्यांनी सोडावी. आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर अशा वस्तूंची मुदत दाखवणे सरकारने बंधनकारक करावे.

– एक लघुउद्योजक, ठाणे